तांदळाच्या डब्यात नसलेला कागद

अनंता, तुझ्या चष्म्याचं घर मी तुझ्याबरोबर जाळलं. हे पहिल्यांदा सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि नेमकं हेच राहून जाईल.

तुला आंघोळ घालून अंगणात निजवलं होतं. पुरुषमाणसं दोऱ्या आवळत होती. मी आत गेले, टेबलावरचा तुझा चष्मा त्याच्या घरात घातला आणि बाहेर येऊन तुझ्या छातीवर, कापडाखाली ठेवला. कुणीतरी म्हणालं, "वैनी, हे कशाला?" मी म्हटलं, "त्याला चष्म्याशिवाय स्वतःचा पाय दिसत नाही. वाटेत धडपडेल." बायका रडायला लागल्या. त्यांचं रडणं मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पन्नास वर्षांहून जास्त काळ ही वाडी मला दगड म्हणत आली. त्या दिवशी एकदाच दगडाला पाझर फुटला, आणि त्यानेच घात केला.

त्या घरात, काच पुसायच्या फडक्याखाली, चार घड्या घातलेला कागद होता. तुझ्या डब्याची किल्ली. तो तिथे असतो हे तू मला दहा वेळा सांगितलं होतंस. मला आठवलं नाही. तुला बांधून उचललं तोवर नाही, आणि नंतरचे कित्येक दिवस नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. धाकटा दीर. तुझी आई जाऊन वर्ष झालं होतं आणि तुझ्या डोक्यात उवा झाल्या होत्या. त्या काढणं हे माझं या घरातलं पहिलं काम. तू मला तेव्हापासून अहो-जाहो केलंस आणि मी तुला अरे-तुरे, तुझी साठी उलटली तरी. लग्न केलं नाहीस. बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून जग फिरलास आणि निवृत्त झाल्यावर परत माझ्याच पडवीत येऊन टेबल मांडलंस. तुझे दादा तोवर गेले होते. आपण दोघं म्हातारी एका छपराखाली दिवसभर भांडायचो. मला ते आवडायचं. हे मी तुला सांगितलं नव्हतं.

तू त्या डब्याला सर्व्हर म्हणायचास. "सर्व्हर म्हणा वैनी, डबा काय?" मी म्हणायचे, "पत्र्याचा आहे, चौकोनी आहे, आत वस्तू राहते. मग डबाच."

आपल्या वाडीतली निम्मी घरं बोटीवर जगली. आधी पत्रं यायची. ज्या बायकांना वाचता येत नव्हतं त्यांना ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागायची, आणि वाचणारा नवऱ्याचे शब्द हसत हसत वाचायचा. मग कॅसेटी आल्या. पुरुष बोटीवर बसून टेपात बोलायचे आणि रजेवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती कॅसेट घरी धाडायचे. बायका दार लावून ऐकायच्या. तुझ्या दादांच्या माझ्याकडे अकरा होत्या. बोटीवर जेवण रांधायचे ते. दोन वाक्यं माझ्याशी बोलले की तिसऱ्याला गाईचं विचारायचे.

आपल्या हवेत कॅसेटींना बुरशी धरायला लागली. तेव्हा आवाज डब्यात उतरवून ठेवावेत म्हणून तू पाच घरांतल्या कॅसेटी गोळा करायला निघालास. चार घरांनी दिल्या. शेजारची सुलू देईना. तिचा नवरा बोटीवरून समुद्रात पडला. अंग सापडलं नाही. तिला ना अग्नी द्यायला मिळाला ना नीट दिवस कळला. तिच्याकडे त्याच्या चार कॅसेटी होत्या, बाकी काही नाही.

"भावजी, त्यात हे काय काय बोललेत ते तुम्ही ऐकलंत तर मी विहिरीत उडी घेईन."

"विहीर उथळ आहे सुलूवैनी. फक्त पाय मोडेल."

ती हसली, पण कॅसेटी दिल्या नाहीत. म्हणून तू डब्याला कुलूप घातलंस. असं कुलूप, की डबा कुणी उचलून नेला तरी आतलं एक अक्षर ऐकू येणार नाही. आणि उतरवून घेताना आवाज बंद ठेवून बसायचं कबूल केलंस. तसा बसलासही. पडद्यावर हिरव्या पट्ट्या वरखाली नाचायच्या आणि तू नुसता बघायचास. मी म्हटलं, "ऐकतोस काय रे चोरून?" तू म्हणालास, "नाही वैनी. पट्ट्या हलतायत म्हणजे माणूस बोलतोय. खाली बसल्या की माणूस गप्प." एकदा सुलूच्या कॅसेटवर पट्ट्या बराच वेळ खाली बसून राहिल्या. मग एक लहानशी हलली. तू उठलास आणि अंगणात जाऊन उभा राहिलास.

त्यानंतर दर सोमवारी दुपारी सुलू यायची. हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून पडवीत बसायची. तू तेवढा वेळ माडांना आळी करायला जायचास. आळी करून घेऊन माडांना कंटाळा आला असेल. तू म्हणालास, मोबाईलमध्ये घालून देतो, घरी ऐका. ती म्हणाली, "नको भावजी, मोबाईल दिवसभर सुनेच्या हातात." तर सगळं त्या डब्यातच राहिलं. एक डबा पडवीत आणि त्याची नक्कल माळ्यावर, प्लास्टिकात गुंडाळलेली. दोन तिजोऱ्या, किल्ली एक.

आता फितीचं.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. घरात वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही. भाताचं कणीस भरायला लागलं की पाखरं बसतात. कॅसेटची फीत खुंट्यांना ताणून बांधली की वाऱ्यात घरघरते, उन्हात चमकते, पाखरू जवळ येत नाही. कॅसेटी डब्यात उतरून झाल्या, मग त्या ठेवून काय करायच्या? मी तुझ्या दादांच्या अकरा काढल्या आणि मळ्यात बांधल्या. वर म्हटलंही, जिवंतपणी त्यांना कुणी घाबरलं नाही, आता पाखरं तरी घाबरू देत. त्यांच्याबरोबर तुझी निळ्या घरातली कॅसेटही होती. तू पहिल्या बोटीवरून, बाविसाव्या वर्षी, मला पाठवलेली. त्यात तू मला काय म्हणाला होतास ते इथे लिहिणार नाही. मी तिला उत्तर पाठवलं नव्हतं. ती तुझी आहे हे मला बांधताना ठाऊक होतं.

तू मळ्यातून आलास तो हातात तुटका तुकडा घेऊन. "हे बघा वैनी. एक हात. एक हात फीत म्हणजे दहा सेकंद आवाज. दहा सेकंदांत दादा काय काय म्हणाला असेल."

"गाईला पेंड घाल म्हणाले असतील."

"मूळ ते मूळ असतं. नक्कल ती नक्कल."

"मग तुझा डबा कशाला?"

तू कॅसेटचं रिकामं निळं घर चुलीशेजारी ठेवलंस आणि दोन दिवस माझ्याशी गप्प राहिलास. मी जिंकले असं मला वाटलं. पुढच्याच वर्षी सुलूला मीच म्हटलं, "तुझ्या त्या चार कशाला जपतेस? वाजत तर नाहीत. पाखरांना लाव." ती वर्षभर ऐकत नव्हती. मी तिला गाठ कशी मारायची ते दाखवलं. मग तिने लावल्या.

आणि आता ती गोष्ट, जी तुला कधीच कळली नाही. किंवा कळली असेल आणि तू बोलला नसशील. तसा तू होतास.

कागद एकच असू नये असं तू म्हणालास. दुसरी प्रत तुमच्या हाताने लिहून ठेवा, म्हणजे तुमच्याकडेही किल्ली राहील. मी म्हटलं, इंग्रजी आहे ते, मला काय कळतं? तू म्हणालास, "वाचायचं नाही वैनी. रांगोळी काढता ना? तसं बघून काढायचं."

मी चौथी शिकले. मराठी लिहिताना माझा हात अडत नाही. त्या दुपारी तू रत्नागिरीला गेला होतास. कागद समोर ठेवून बसले. पहिलं अक्षर विळ्यासारखं होतं. दुसरं शिडीच्या तुकड्यासारखं. तिसरं मडकं, पण ते मडकं की शून्य ते कळेना, कारण पुढे दोन मडकी आणखी होती, एक मोठं आणि एक लहान. आडवी-उभी अशी पस्तीस-चाळीस चिन्हं. पाच काढली आणि बघितलं तर कागदावर मुंग्या मेल्यासारख्या दिसत होत्या. रांगोळीत माझा हात धरणारी बाई या पंचक्रोशीत नाही, आणि तिथे मला एक मडकं धड काढता आलं नाही. मी पान फाडलं आणि न्हाणीच्या चुलीत घातलं. तुझा कागद परत तुझ्या चष्म्याच्या घरात ठेवला.

संध्याकाळी तू विचारलंस, "वैनी, लिहिलंत?"

"लिहिलं."

"कुठे ठेवलंत?"

"तांदळाच्या डब्यात, तळाला."

"शाब्बास वैनी," म्हणालास. बघायला गेला नाहीस. तीन वर्षं त्या डब्यातला भात जेवलास आणि एकदाही हात घालून बघितलं नाहीस. संशय घेतला असतास तर मी भांडले असते आणि वाचलो असतो आपण सगळे.

तू गेलास त्याच संध्याकाळी लाइट गेली. आपल्याकडे लाइट जायला कुणी मरावं लागत नाही. तुझी बॅटरी अर्धा तास टिकली, मग डबा बंद पडला. लाइट आल्यावर सुरू झाला, हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावर किल्ली मागणारी चौकट येऊन उभी राहिली. एरवी तू चष्म्याच्या घरातून कागद काढून ती भरायचास. आता भरायला कुणी नव्हतं.

दहाव्याला ईशा आली. माझ्या लेकीची लेक, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते, तुला ठाऊकच आहे, तुझी लाडकी. तिने तुझी वही काढली. तू सगळं नीट लिहून ठेवलं होतंस. मूळ कागद: चष्म्याचं घर. दुसरी प्रत: वैनी, तांदळाचा डबा.

"आजी, अनंताआजोबांचं चष्म्याचं घर कुठे आहे?"

तेव्हा मला आठवलं. हातातलं भांडं हातातच राहिलं. मी म्हटलं, "त्याच्याबरोबर गेलं."

पोरीने वहीतली पुढची ओळ बघितली. मग म्हणाली, "जाऊ दे, दुसरी तुझ्याकडे आहे ना. बरं झालं तू लिहून ठेवलंस." आणि ती उठून तांदळाच्या डब्याकडे गेली.

अनंता, मी तिला थांबवलं नाही. वीस किलो तांदूळ तिने चादरीवर ओतला. आधी हाताने चाळला. मग सुपात घेऊन थोडा थोडा पाखडला. अर्धा तास. तिला पाखडता येत नाही, निम्मे दाणे बाहेर उडत होते. मी समोर बसून बघत होते. एकदा मीही हात घालून शोधल्यासारखं केलं. आयुष्यात मी कुणाचं काही चोरलं नाही, कुणाच्या ताटातलं घेतलं नाही, पण त्या तांदळात हात फिरवला त्याइतकं हलकं काम माझ्याकडून दुसरं झालं नाही.

"उंदराने नेला असेल गो," मी म्हटलं.

"बंद डब्यातून? आजी, झाकण उघडायला मलाच उलथन्याचं टोक लावावं लागलं."

"मग मुंग्यांनी."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. तिने ओंजळीओंजळीने तांदूळ परत भरला. नंतर विचारलं, "काही आठवतंय का? एखादं अक्षर?" मी सांगितलं, विळा, शिडीचा तुकडा, मडकं. ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझी जन्मतारीख, तुझ्या बोटींची नावं, माझं नाव, सगळं घालून बघितलं तिने. मग म्हणाली, "आजी, हे कुलूप फुटत नाही. जगातला कुणीही आणलास तरी नाही. आजोबांनी फार चांगलं केलंय." चांगलं केलंय. 

बाकीच्या घरांत मी सरळ जाऊन सांगितलं, कागद त्याच्याबरोबर जळला. हे खरं होतं आणि अर्धं होतं. ती माणसं हळहळली आणि कामाला लागली. तिथे ऐकणाऱ्या म्हाताऱ्या आता उरलेल्या नाहीत. सुलूला सांगणं मला जमलं नाही. सुतक सरल्यावर ती सोमवारी आली, मी म्हटलं डबा बिघडलाय, ईशा दुरुस्त करणार आहे. पुढच्या सोमवारी आली. येताना शेवग्याच्या शेंगा आणल्या. पुढच्या सोमवारी आमसुलं. असे पाच सोमवार मी तिच्या शेंगा नि आमसुलं घेतली आणि खोटं बोलले.

सर्वपित्रीला ती सकाळी आली, सोमवार नसताना. तिच्या नवऱ्याची तिथी नाही, म्हणून ती त्याचं पान याच दिवशी वाढते. आणि पान वाढायच्या आधी त्याची शेवटची कॅसेट ऐकते, हे तुलाही माहीत होतं. तू त्या दिवशी सकाळपासून माडांत असायचास.

"आज तरी लागेल काय गो? थोडंच ऐकते. भात शिजायला ठेवून आलेय."

मी तिला बसवलं नाही. बसवलं असतं तर पुन्हा फिरले असते. उभ्याउभ्या सांगितलं. चष्म्याचं घर, कागद, चुलीत घातलेलं पान, तांदूळ, सगळं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हे आता गेले म्हणायचे."

मी होय म्हटलं.

"फीत पाखरांना लाव असं तूच म्हणालीस."

"म्हणाले."

"लिहायला जमत नव्हतं तर मला सांगायचंस. माझ्या सुनेने पाच मिनिटांत लिहून दिलं असतं."

"लाज वाटली."

"लाज," ती म्हणाली. "तुझी लाज आणि माझा माणूस." आणि गेली. भात करपल्याचा वास तिच्या घरातून माझ्या पडवीपर्यंत आला.

दुपार कलल्यावर परत आली. ओटीत भलामोठा गुंता होता. मळ्यातल्या सगळ्या खुंट्यांवरची फीत ओरबाडून आणली होती, गवत, चिखल, कणसांचे तुकडे सगळ्यासकट. माझ्या पुढ्यात ओतली. "तुझ्या मळ्यातलीपण आणलीय, वाटेतच होती. कुणाची कुठली ते आता कळत नाही. तू बांधायला शिकवलंस, आता तूच सोडव." तिच्या हातांना चिरा पडल्या होत्या. पाणी विचारलं तर नको म्हणाली.

त्या संध्याकाळी मी ईशाला फोन केला. तिने कुणाकुणाला विचारलं. उन्हापावसात राहिलेली फीत वाजत नाही, तिचा वरचा रंग उडाला की आवाजही उडतो. मी बघितलं, तसंच आहे. लांबच्या लांब फीत पांढुरकी, काचेसारखी झालीय. पण अनंता, खुंटीला जिथे गाठ मारली होती, तिथे गाठीच्या आत ती अजून तपकिरी आहे. ऊन आत गेलेलं नाही. ईशा म्हणाली, असे तुकडे जोडून वाजवणारा एक माणूस मुंबईत आहे, वाजतीलच असं तो सांगत नाही, पण पाठवून दे म्हणतो. मी सुलूला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "सोडव आधी. मग बघू." सोमवारी ती अजून येत नाही.

तर आता मी रोज तुझ्या टेबलाशी बसते. डबा चालूच ठेवलाय. हिरवा दिवा जळतो. आतली माणसं बोलतायत की गप्प आहेत ते कुणाला माहीत. मी सुईच्या टोकाने गाठी सोडवते. घट्ट आहेत, मीच घट्ट मारायला शिकवल्या होत्या. दिवसाला चार-पाच सुटतात, एखादी तुटते. एका गाठीत अर्धा हात फीत निघते. म्हणजे पाच सेकंद. सुलूच्या नवऱ्याचे असतील, तुझ्या दादांचे असतील. पाच सेकंद गाईच्या पेंडीचे निघाले तरी मला चालतील, हे तुला सांगायचं होतं. तुझे निघाले तर काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. उत्तर द्यायला तू नाहीस, आणि द्यायचं होतं तेव्हा मी दिलं नाही.

मळ्यात आता पाखरं बसतात. बसू देत.

सोडवलेला तुकडा मी तुझ्या त्या रिकाम्या निळ्या घरात ठेवते. झाकण लावताना दर वेळी तू मागे उभा असल्यासारखा वाटतोस, आणि तेच विचारतोस. वैनी, लिहिलंत?

नाही रे. नाही लिहिलं.